उतारावरचं पाणी

चपला काढा, हातात घ्या. पाणी पोटरीपर्यंतच आहे, पण ऐन वैशाखात पायांना इतकं गार पाणी लागेल असं तुम्हाला वाटलं नव्हतं. अंधार आहे. हात पसरायला गेलात तर ते पुरते पसरतच नाहीत, तळवे लगेच दोन्हीकडच्या भिंतींना टेकतात. रुंदी अडीच फूट, उंची सहा फूट. उंच माणसाला मान जरा खाली घालावी लागते. हे माप उगाच ठरलेलं नाही. माणसाला आत उतरून, पाटी भरून गाळ काढता यावा, एवढी ही जागा आहे.

तुम्ही कात्रजच्या नळात उभे आहात. शके 1717, इसवी सन 1795. डोक्यावरच्या दगडी छताच्या वर धनकवडीची शेतं आहेत, बाभळी आहेत, एखादी बैलगाडी आहे. तुम्ही ज्या काळातून आलात तिथे या भागात वाहनांच्या रांगा आहेत, आणि त्यांत बसलेल्या बहुतेकांना आपल्या पायांखालून कधीकाळी पाणी चालत गेलं होतं याची कल्पना नाही. तुम्हालाही कालपर्यंत नव्हती.

पुढे उजेडाचा एक गोल पाण्यावर पडलाय. तो उच्छ्वास. जमिनीवर बांधलेल्या छोट्या मनोऱ्यासारख्या तोंडातून हवा खाली येते, थोडा प्रकाश येतो, आणि गाळ काढणाऱ्याला श्वास घेता येतो. अशी तोंडं नळावर जागोजागी आहेत. नाव किती नेमकं ठेवलंय पाहा. नळ श्वास घेतो असं मानणाऱ्या माणसांनीच ते ठेवलं असणार.

उजेडात एक माणूस वाकून उभा आहे. कमरेला पंचा, हातात फावडं.

"पाव्हणं, डावीकडनं चाला. मधी खड्डा हाये."

खड्डा म्हणजे गाळ बसायची जागा. पाणी इथे जरा थबकतं, जड माती तळाला बसते आणि वरचं निवळ पाणी पुढे सरकतं. तो तुमचा हात धरून भिंतीला लावतो. चुन्याचा गिलावा बोटांना गुळगुळीत लागतो, थोडा ओला, कुठेही भेग नाही. भाजलेला चुना आणि वाळू बैलाच्या घाणीत दिवसचे दिवस मळायची, त्यात गूळ आणि बेलफळाचा चिकट रस घालायचा, असा हा चुना. तो सावकाश सुकतो, पण पाण्यात वर्षानुवर्षं टिकतो. तळाची फरशी त्याहून बारकाईने बसवलेली आहे. तिला उतार आहे, तरी चालताना तुम्हाला तो जाणवत नाही. जास्त उतार दिला असता तर पाणी वेगाने धावलं असतं आणि त्याने भिंती खरवडल्या असत्या. कमी दिला असता तर ते साचून राहिलं असतं. गवंड्याच्या हातात पाणसळ आणि ओळंबा यांपलीकडे फारसं काही नव्हतं. तेवढ्यावर त्याने सुमारे आठ किलोमीटर पाणी चालवत नेलं.

या सगळ्या व्यवस्थेला चालवणारी शक्ती एकच, उतार.

कात्रजच्या डोंगरातून आंबील ओढा येतो. 1749 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी त्यावर बांध घालून दोन तलाव करवले. वरच्या तलावात डोंगराची माती बसायची आणि खालच्यात त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी यायचं. तिथून हा नळ शहराकडे निघतो. त्याच काळात पर्वतीच्या पायथ्याला तळं झालं आणि शहराच्या अंगावर येणाऱ्या ओढ्याला पश्चिमेची वाट देऊन मुठेकडे वळवण्यात आलं. म्हणजे एकाच ओढ्याचं पिण्यापुरतं पाणी गावात आणलं आणि पुराचं पाणी गावाबाहेरून काढून दिलं. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. आज आपल्याकडे पाणीपुरवठ्याचा विभाग वेगळा, पावसाळी गटारांचा वेगळा आणि बांधकाम परवानगीचा तिसराच. ओढा मात्र एकच असतो.

चला पुढे. पाय गारठलेत, वर येऊ.

*

ज्या आडातून तुम्ही वर आलात तो शुक्रवार पेठेत आहे. ऊन डोळ्यांवर येतं. गर्दी एवढी, की क्षणभर सणाचा दिवस वाटावा. खर्ड्याची लढाई होऊन जेमतेम दोन महिने झालेत. निजामावरचा विजय घेऊन फौजा परतल्या आहेत, त्यांच्यामागून बाजारबुणगे, घोडी, उंट, नात्यागोत्याची माणसं आली आहेत. पेशवे सवाई माधवराव एकवीस वर्षांचे आहेत. पुणं इतकं भरलेलं क्वचितच असेल, आणि तेही वैशाखात. अशा वेळी शहराची पारख होते, आणि ती पाण्यावर होते.

काळ्या हौदावर या. दगडी हौद, चहूबाजूंनी पायरी, कडेला घागरींनी घासून झालेले खळगे. एका खळग्यात अंगठा घालून बघा, पेर बुडतं. पन्नासेक वर्षांत काठाच्या दगडाला एवढी झीज व्हायला किती घागरी टेकल्या असतील? बायका कळशा भरतायत. एक पखालवाला बैलाच्या पाठीवरची पखाल भरतोय, कातड्याच्या शिवणीतून पाणी ठिबकतंय आणि जमिनीवरच्या त्या ओल्या रेघेवर चिमण्या उतरल्या आहेत. वाड्यांमध्ये पाणी घालणारे पाणके खांद्यावर हंडे घेऊन पळतायत. थोरामोठ्यांच्या वाड्यांत नळाच्या फाट्यावरचे आड आहेत, त्यांना इथे यावं लागत नाही. बाकीच्या पेठकऱ्यांना बदामी हौद, फडके हौद किंवा हा काळा हौद. नाना फडणविसांनी नऱ्हे-आंबेगावाकडून दुसरा नळ आणला, तो सदाशिव पेठेच्या हौदात पडतो.

हौद पेठेच्या मध्यावर असल्यामुळे जे घडतं ते नीट पाहा. नव्याने आलेल्या शिलेदाराच्या बायकोला इथेच समजतं की वैद्य कुठे राहतो, तांदूळ कोणाकडे चांगला मिळतो, कोणाच्या घरी लग्न आहे. हौदात पाणी कमी झालं तर ते एकाच वेळी सगळ्यांना दिसतं. टंचाईची बातमी कोणी सांगावी लागत नाही, पायरीवरची ओली रेघ खाली सरकलेली असते. आपल्या घरात नळ सोडला की पाणी येतं. धरणात किती उरलंय ते वर्तमानपत्रात वाचावं लागतं.

आता जरा लांब, त्या भिंतीच्या सावलीकडे बघा. एक बाई दोन मडकी समोर ठेवून बसली आहे, शेजारी एक पोर. ती हौदाकडे येत नाही. कोणीतरी दयेने वरून पाणी ओतेल म्हणून ती वाट बघते आहे. महार, मांग यांना या हौदाला हात लावता येत नाही. पोराचे ओठ सुकलेत. पाण्यापासून ते वीस पावलांवर आहे.

तुमचा पाय त्या दिशेला उचलला गेला, हे मला कळतं. पण तुम्ही या काळातले नाही. तुम्हाला फक्त पाहता येतं. तेव्हा नीट पाहा आणि विसरू नका. या नळाच्या चुन्याचं, उताराचं, उच्छ्वासांचं कितीही कौतुक केलं तरी ती वीस पावलं या रचनेत आहेतच. कोणत्या गवंड्याने ती आखलेली नाहीत, तरी ती दगडापेक्षा पक्की आहेत.

*

दुपार तापलीय. समोरच्या वाड्याचा दिंडी दरवाजा उघडा आहे. मोठ्या दरवाजातल्या त्या लहान दारातून आत जाताना मान आपोआप लवते. देवडीत पहारेकरी भिंतीला टेकून पेंगतोय.

एक पाऊल आत टाका आणि थांबा. बाहेर अंगाची लाही होत होती आणि इथे घाम सुकायला लागलाय. काय बदललं?

समोर चौक. वर मोकळं आकाश, खाली दगडी फरसबंदी, आणि चारही बाजूंनी ओसरी. ओसरीचं छप्पर पुढे झुकलेलं आहे, त्यामुळे डोक्यावरचं ऊन भिंतीपर्यंत पोचतच नाही, ते फरशीवरच थांबतं. भिंतीची जाडी दोन हात. खाली दगडाचं जोतं, त्यावर भाजलेल्या विटा, वरच्या मजल्यावर कच्च्या विटा आणि पांढरी माती. अशी भिंत दुपारची उष्णता स्वतःत मुरवत राहते. ती आतल्या बाजूला येईपर्यंत संध्याकाळ झालेली असते, आणि तोवर चौकातून वारा खेळायला लागतो. तापलेली हवा चौकातून वर निघून जाते, रात्री थंड हवा त्याच चौकातून खाली उतरते आणि पहाटेपर्यंत फरशी गार करून ठेवते. ओसरीवर झोपणाऱ्याला हे कोणी शिकवावं लागत नाही. तो उन्हाळ्यात पथारी कुठे टाकायची आणि थंडीत कुठे, ते जाणतो. घर बदलत नाही, माणूस घरात जागा बदलतो.

"उन्हातून आलात होय? बसा. नुसतं पाणी नका पिऊ, आधी गुळाचा खडा तोंडात टाका."

आजी आहेत. त्यांनी तुम्ही कोण, कुठले, हे अजून विचारलेलं नाही. तांब्या-भांडं पुढे आलं आहे. गूळ विरघळू द्या, मग पाणी प्या. हेच पाणी तुमच्या पोटऱ्यांना लागलं होतं. ते परसातल्या आडातून नुकतंच शेंदलंय.

पाणी पिता पिता हा खांब न्याहाळा. सागवानी, चौकोनी बुंधा, वर केळफुलाचं कोरीव काम. त्याचं टोक जमिनीत पुरलेलं नाही, ते दगडी तळखड्यावर उभं आहे. ओल लाकडात चढत नाही, वाळवीला वाट मिळत नाही, आणि खांब खराब झालाच तर तेवढा एक काढून दुसरा उभा करता येतो. दोन खांबांमधला गाळा म्हणजे खण. पुण्यातलं घर खणांनी मोजतात. चार खणी घर, सहा खणी घर. मुलाचं लग्न झालं, दोन खण वाढवले. वाटण्या झाल्या, खणाखणांनी झाल्या. सुताराला आणि मालकाला एकच माप कळतं, आणि ते माप लाकडाच्या तुळईच्या लांबीवरून आलेलं आहे. वाडा मोडला तर हेच सागवान दुसऱ्या वाड्यात लागतं, दगड जोत्यात जातो, माती मातीत जाते. आपण मोडतो तेव्हा ट्रक भरभरून राडारोडा निघतो आणि तो बहुतेक वेळा कुठल्यातरी नदीच्या काठावर जाऊन पडतो.

चौकातून आत, मागच्या चौकात या. तुळशीवृंदावन. पावसाळ्यात पन्हाळीतून पडणारं पाणी इथून मोरीत जातं. परसदारी गेलात की न्हाणीघराचं पाणी कुठे जातं तेही दिसेल: केळीच्या बुंध्याशी, आणि तिथून अळवाच्या वाफ्यात. अळू इतकं तरारलंय की पानांवर ऊन चमकतंय. आजी त्यातलीच चार पानं खुडून आणतील आणि संध्याकाळी फदफदं होईल. शहराने दिलेली घागर वाड्याबाहेर जाईपर्यंत तीन कामं करून जाते.

माजघरात डोकावा. डोळे सरावायला वेळ लागतो. इथे गारवा आहे, पण उजेड फार कमी आहे. कोपऱ्यात विधवेचं आलवण नेसलेली, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेली एक मुलगी डाळ निवडत बसलीय. पंधरा-सोळा वर्षांची असेल. ओसरीवर ती येणार नाही, कारण तिथे पुरुष बसतात. वाड्याचं गुणगान करणाऱ्यांपैकी मीही एक आहे. पण ज्यांच्या वाट्याला चौकाचं आकाश आलं आणि ज्यांच्या वाट्याला माजघर आलं, त्यांना विचारलं तर दोन वेगळे वाडे सांगितले जातील. आणि लाकडाला आगीचं भय कायम. ज्या शनिवारवाड्याकडे हा नळ निघालाय, तो 1828 च्या फेब्रुवारीत जळेल आणि जोतं, तट आणि दरवाजे तेवढे उरतील.

संध्याकाळ होते आहे. शनिवारवाड्यात हजारी कारंजं सुरू झालंय, सोळा पाकळ्यांचं दगडी कमळ. कात्रजच्या उंचीवरून निघालेलं पाणी आपली उंची परत गाठू पाहतं, एवढंच त्यामागचं रहस्य. तरुण पेशवे ते पाहत उभे असतील. येत्या ऑक्टोबरात ते याच वाड्याच्या उंच सज्जावरून खाली कोसळतील, आणि पुण्याचे चांगले दिवस फार उरणार नाहीत. नळ मात्र चालू राहील.

*

1868. गंज पेठ. वर्षं झरझर गेली, नळ तेवढाच आहे, राज्य इंग्रजांचं आहे. तुम्ही एका साध्या घराच्या अंगणात उभे आहात. हौद आहे, मोठा नाही. आणि काठावर, अगदी काठाला टेकून, एक बाई घागर बुडवते आहे.

काळ्या हौदापासून वीस पावलांवर बसलेल्या त्या बाईची ही नात असेल, पणती असेल, किंवा कोणीच नसेल. पण ती आज कोणाच्या दयेची वाट बघत नाहीये. घर जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांचं आहे. त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला आहे. घागर भरताना पाणी गळ्यापर्यंत येतं तेव्हा जो बदललेला आवाज येतो, तो ऐका. काळ्या हौदावरही तोच येत होता.

शहररचनेच्या पुस्तकांत या हौदाला जागा मिळायला हवी. एक वीट न बदलता एखादी रचना कशी पुरी होते, ते इथे दिसतं.

*

12 जुलै 1961. इथे फार वेळ थांबता येणार नाही. 1870 च्या दशकात खडकवासल्याला मोठं धरण झालं, घरोघरी नळ आले, आणि हौदांवरची झुंबड ओसरली. आज पानशेतचा बांध फुटलाय, त्या लोंढ्याने खडकवासलाही गेलं. मुठाकाठचं पुणं चिखलात आहे. आणि ज्या शहरात सगळीकडे पाणीच पाणी झालं, तिथे प्यायला पाणी नाही, कारण नळाचा उगमच वाहून गेलाय. लोक बादल्या घेऊन निघालेत. कुठे? विहिरींवर, वाड्यांच्या आडांवर, जुन्या हौदांवर. कचऱ्याखाली गेलेली झाकणं उचलली जातायत. एका धरणावर अवलंबून नसलेलं पाणी त्या दिवसांत पुण्याच्या कामी आलं. हौद बुजवू नका म्हणणाऱ्यांना त्यानंतर काही वर्षं तरी कोणी वेड्यात काढलं नसेल.

*

25 सप्टेंबर 2019, रात्र. पाऊस थांबत नाही. कात्रजचा तलाव भरून वाहतोय. 1795 मध्ये तुम्ही ज्याच्या पाण्यात पाय बुडवून चाललात, तोच आंबील ओढा आता भिंती तोडत अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, सहकारनगर अशा वस्त्यांत शिरतोय. पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढल्यात. पत्र्याच्या घरातून कोणीतरी हाका मारतंय आणि अंधारात दिशा कळत नाही. त्या रात्रीच्या पावसाने पुणे आणि परिसरात वीसहून अधिक माणसांचा जीव घेतला.

ओढ्याने नवीन काही केलं नाही. कात्रजला पडलेलं पाणी मुठेला जायला निघालं होतं, पूर्वीही जायचं. वाटेत पात्र अरुंद झालं होतं, काठ भरावाने पुढे सरकले होते, कुठे तळाला काँक्रीट, कुठे वर रस्ता. जमीन मुरवत होती ते पाणीही आता फरशीवरून थेट ओढ्यात येत होतं. आणि त्या काठावर सगळ्यांत खाली कोण राहत होतं? ज्यांना दुसरीकडे जागा परवडत नाही ते. वीस पावलांचं अंतर मिटलं असं आपण म्हणतो. ते उताराच्या तळाशी जाऊन बसलं आहे.

परत जुना नळ चालू करा, वाडे बांधा, असं मी म्हणत नाही. आजच्या पुण्याला तो नळ पुरणार नाही, आणि एवढं सागवान आणायचं कुठून? पण ज्यांनी तो बांधला त्यांनी सुरुवात एका प्रश्नाने केली होती: पाऊस पडल्यावर पाणी कुठून कुठे जातं? आधी ते पाहिलं, मग तलाव, मग नळ, मग हौद, त्याभोवती पेठ. आपल्याकडे इमारत आधी उभी राहते आणि पाण्याचा प्रश्न पहिल्या मोठ्या पावसात विचारला जातो. तो क्रम उलटा करायला नवं तंत्रज्ञान लागत नाही. ओढ्याचं पात्र नकाशावर आहे तेवढं जमिनीवर ठेवायचं, गच्चीचं पाणी जमिनीत मुरवायचं, भिंतीला सावली द्यायची, अंगणाची फरशी थोडी कमी करायची. आणि हे करताना ज्यांची घरं उताराच्या टोकाला आहेत, त्यांचं नाव यादीत पहिलं घ्यायचं.

आता तुम्ही तुमच्या दारात आहात. पाय अजून गार असतील. पुढचा पाऊस यायच्या आत एका रविवारी कात्रजला जा, तलावाच्या बांधावर उभे राहा आणि ओढ्याच्या काठाने जमेल तेवढं मुठेपर्यंत चालत या. वाटेत कुठे नळाचा उच्छ्वास किंवा हौदाचा काठ दिसला तर तिथे राडारोडा टाकू देऊ नका. आणि परत आल्यावर सोसायटीच्या बैठकीत एवढंच विचारा, की आपल्या गच्चीवर पडलेलं पाणी कोणाच्या घरात जातं.